दार वाजवू नये

मला फक्त एक दिवस एकांत द्या, चित्रकलेचं जग हलवून दाखवतो! असं मी ठणकावून सांगितलं. कुणाला? भिंतीला. माझी बायको सुचित्रा गेल्यापासून भोईवाड्यातल्या चाळीतल्या आमच्या खोलीत माझं ऐकून घेणारी तीच उरली आहे.

नोकरीत मी जाहिरातींसाठी साबणाच्या वड्या रंगवल्या आणि सुट्टीच्या दिवशी अमूर्त चित्रं. प्रदर्शनंही झाली. लोक चित्रासमोर मान तिरकी करून उभे राहायचे आणि हळूच मला विचारायचे, "बाथरूम कुठंय?" पण या वेळी गिरगावातल्या एका आर्ट गॅलरीची सलोनी संध्याकाळी घरी येऊन चित्र निवडणार होती. भिंतीएवढा कॅनव्हास तयार होत आला होता. निळ्यावर निळा, त्यावर आणखी निळा! फक्त शेवटचा हात फिरवायचा बाकी होता.

सकाळीच दारावर पाटी लावली : 'चित्रकार कामात आहे. दार वाजवू नये.' आतून कडी घातली.

कुणीही दार वाजवलं नाही.

दुपार झाली तरी नाही! पाटीचा मान ठेवावा, पण इतका? पडली की काय म्हणून मी फटीतून दोनदा बघून घेतलं. जागेवर होती. मग लक्षात आलं, पाटी नव्हती तेव्हा तरी कोण वाजवत होतं?

तो राग ब्रशवर काढायला गेलो आणि कोपर लागून टर्पेंटाइनची अख्खी बाटली लवंडली. वास असा सुटला की भिंतीवरच्या पालीने बिऱ्हाड हलवलं!

धाड! धाड! धाड!

"भावजी! ओ भावजी! गॅसचो वास येता!" शेजारच्या मालनवहिनी.

ओ द्यायला मी तोंड उघडलं होतं, शप्पथ! पण कुणीतरी माझं दार वाजवत होतं हो! वाटलं, आणखी एकदा वाजू दे, मग बोलू. वाजलं. बरं वाटलं. आता फक्त आणखी एकदा...

"ओ देत नाहीत! राहुल, धाव रे! भावजी आत पडले!"

"पडलो नाहीये!" मी ओरडलो. पण बाहेरच्या गॅलरीत तोवर बाजार भरला होता.

"लाइट लावू नका!"

"अँब्युलन्स बोलवा!"

"दरवाजा तोड, दरवाजा!"

वहिनींचा राहुल जिममध्ये ट्रेनर आहे. खांदा म्हणजे डबलडेकर बस! मी कडीला हात लावणार तोच कडी उडाली, दाराने मला बाजूला भिरकावलं आणि राहुल थेट माझ्या निळ्यात! दोन्ही पंजे रुतवून! मागून वहिनी, त्यांच्या मागून अख्खा मजला. खोली केवढी, माणसं केवढी! जो तो तोल सावरायला ओल्या कॅनव्हासवर हात टेकतोय!

"जिते आसात?" वहिनींनी विचारलं.

"आहे. टर्पेंटाइन सांडलंय."

"मगे बोलूक काय झालेला?"

मी रिकाम्या बाटलीला बूच लावायला लागलो. वहिनी आवाज उतरवून म्हणाल्या, "जेवलात?"

खिडक्या उघडल्या, फरशी पुसली. वहिनींकडून भात आणि सोलकढी आली, कुणीतरी चहा केला. जायचं नाव कुणी घेईना! तेवढ्यात टोकाच्या खोलीतले कुशाबा चित्रापाशी जाऊन म्हणाले, "हे माझं कोपर!"

"आणि हो माझो हात!" वहिनी.

झालं! कुठला ठसा कुणाचा यावरून भांडण जुंपलं. माझ्या चित्रातलं काहीतरी लोक बोट दाखवून ओळखत होते! उभ्या कारकिर्दीत पहिल्यांदाच!

संध्याकाळी सलोनी आली. अख्खा मजला दारात उभा.

"सर..." तिने कॅनव्हासकडे बघून विचारलं, "हे कुणी खराब केलं?"

सगळ्यांनी हात मागे लपवले. ती कोपऱ्यातलं एक लहान, जुनं, स्वच्छ निळं चित्र घेऊन गेली. "तिका काय कळता!" वहिनी जिन्याकडे बघत म्हणाल्या.

तेव्हापासून माझ्या दाराला कडी नाही. वहिनी येता-जाता ते ढकलतात. "भावजी, आसात ना?" मी "आहे" म्हणतो. कधी त्या वाटीभर उसळ ठेवून जातात, कधी पाच मिनिटं बसतात.

काल त्यांनी विचारलं, "कडी बसवूक तो सुतार अजून कसो येत नाय?"

"फार बिझी असतो हो!" मी म्हणालो.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, त्यांच्या कानावर घालू नका. त्या सुताराला मी अजून बोलावलेलंच नाही!