मोल्दोवाच्या बाटलीस ऊन दाखविले त्याची हकीकत

श्रीअन्नपूर्णा समर्थ. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख मासी, एका संस्थानी वर्तमान घडले ते घडले तैसे लिहितो, पदरचे घालीत नाही. संस्थान म्हणजे तीन खोल्या आणि वर गच्ची. तेथील राणी मालतीबाईसाहेब माघ मासी कैलासवासी जाहल्या आणि राजे मागे राहिले. त्यांचे पुत्र युवराज पूर्वी वैद्यकी शिकावयास युरोपखंडी मोल्दोवा नामे लहान मुलखास गेले होते. तो मुलूख शेजारच्या संस्थानिकांस नकाशात सापडेना, आणि तेथे तांबडी वाईन मात्र नामी होते, तीन जातींच्या द्राक्षांचा रस एकत्र करोन लाकडी पिंपात वर्षानुवर्षे निजवितात. युवराजांनी येताना एक बाटली आणिली आणि म्हणाले, "आई, लगेच उघडायची नाही. मुरेल तितकी चांगली." राणीसाहेब म्हणाल्या, "मुरवायचं मला नको शिकवूस." मग त्यांनी बाटली लोणच्याच्या बरण्यांच्या रांगेत बसविली आणि दरसाल चैत्री पापड-सांडग्यांसोबत गच्चीवर नेऊन तिजला कडक ऊन दाखविले.

पुढे युवराजांची सोयरीक निघाली आणि व्याही दत्ताजीराव, द्राक्षबागाईतदार आणि वाईनचे मोठे जाणकार, बोलणी करावयास आले. युवराज म्हणाले, "बाबा, आईची बाटली उघडू." राजियांचे मनी आले की राणीसाहेबांच्या हातचे घरात आता एवढेच, लोणचे फाल्गुनातच सरले. मग बाटली उघडिली आणि दत्ताजीरावांनी पेला नाकाशी नेला आणि मुद्रा पालटली.

"ही ठेवली कुठे होती?"

"थंड जागी," युवराज घाईने बोलिले.

तो राजियांच्या धाकट्या भगिनी वेणूताई अभिमानाने वदल्या, "छे हो! वहिनी दरसाल ऊन दाखवायची. भर दुपारचं!"

दत्ताजीरावांनी पेला खाली ठेविला. "ऊन? वाईनला?"

"मग काय, बुरशी येऊ द्यायची?"

"अहो, हिला अंधार लागतो!"

"अंधारात बटाटे ठेवतात."

मग दत्ताजीराव हळूच म्हणाले, "राग मानू नका. व्हिनेगर झालंय. ओतून टाका." युवराज बाटली घेऊन मोरीकडे निघाले आणि वेणूताई कडाडल्या, "आमच्या वहिनीच्या हातचं बिघडत नाही! ज्याला गोड लागत नाही त्याने उठावं!" आणि दत्ताजीरावांनी टोपी उचलिली आणि सोयरीक मोडते ऐसा रंग दिसो लागला.

तेव्हा राजे उठले आणि युवराजांच्या हातून बाटली काढोन घेतली आणि पेला भरोन एका दमात प्याले. त्यांचे कान लाल जाहले. मग बोलिले, "बिघडली आहे."

"दादा!"

"बिघडली आहे, वेणू. ती असती तर 'उत्तम' म्हणालो असतो." आणि पेला पुन्हा भरिला.

"बाबा, पोटाला त्रास होईल."

"तू डॉक्टर आहेस ना? मग बस जवळ."

दत्ताजीरावांनी टोपी खाली ठेविली आणि आपला पेला पुढे केला. "मलाही घाला. विहीणबाईंच्या हातचं आहे, नाही कसं म्हणू?"

येणेप्रमाणे बाटली संपली आणि सोयरीक जुळली आणि मोरीत थेंब गेला नाही. मग सर्वांस जळजळ सुटली, ती युवराजांनी गोळ्या देऊन शमविली. राजियांनी गोळी घेतली नाही. हकीकत एवढीच.