गोटेबाबूंच्या पेनाची घंटी

गोटेबाबूंच्या पेनाला घंटी आहे. गोऱ्ह्याच्या गळ्यात बांधतात तशी, पितळेची, लिंबाएवढी. पेन उचललं की ती वाजते, लिहायला लागलं की वाजत राहते आणि पेन खाली ठेवलं की एकदा वाजून थांबते. थांबली नाही तर गोटेबाबू मान वर करतात. त्या मान वर करण्याला तालुक्यातली पुष्कळ गावं घाबरून आहेत.

वसंत गोटे मंगरूळपीरच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर कारकून आहेत. कार्यालय कोणतं, ते लिहिण्याची गरज नाही. गावातल्यांना ते माहीत आहे आणि गावाबाहेरच्यांना त्याचा उपयोग नाही. मी तालुक्याच्या बातम्या देतो. बातमीदाराला या कार्यालयात जी एक खुर्ची मिळते, ती गोटेबाबूंच्या टेबलाशेजारी आहे. त्यामुळे पुढचं बहुतेक मी स्वतः पाहिलेलं आहे.

गोटेबाबू रागीट आहेत, असं म्हणणं अपुरं आहे. रागीट माणूस मधूनमधून शांत असतो. गोटेबाबू सकाळी दाराशी चप्पल काढताना चपलेवर रागावतात आणि संध्याकाळी तीच चप्पल घालताना उरलेला राग पूर्ण करतात. मधल्या वेळात पंखा, शिपाई गजानन, नवे साहेब, जुने साहेब आणि जनता. जनतेवरच्या रागाचं कारण एकच आहे: जनता पेन नेते.

अर्ज द्यायला माणूस येतो. कागद आणतो, तिकीट आणतो, कोणाच्या तरी ओळखीची चिठ्ठी आणतो, पेन आणत नाही. "पेन हाये काय, बाबू?" असं विचारतो. पेन घेतो, लिहितो, आणि लिहून झालं की त्याचा हात त्याला न विचारता पेन खिशाला लावतो. यात चोरी नसते, सवय असते. गोटेबाबूंना हा फरक मान्य नाही. "नजर हटली, वस्तू गेली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य आहे. ते दिवसातून अनेकदा बोलतात, बहुतेक वेळा पेन घेणाऱ्याच्या तोंडावर, तो पेन घ्यायच्या आधीच.

पहिला उपाय सगळे करतात तोच होता. पेन द्यायचं, टोपण ठेवून घ्यायचं. टोपणासाठी माणूस परत येईल, असा हिशेब होता. माणूस परत आला नाही. गोटेबाबूंच्या ड्रॉवरात टोपणं साचली. मग सुतळी आली. ती एकाने कापून नेली आणि पेन टेबलावर ठेवलं; त्याला पोत्याचं तोंड बांधायचं होतं. त्या दिवशी पेन वाचलं याचा आनंद व्हायला हवा होता. गोटेबाबू दुपारपर्यंत सुतळीसाठी भांडत होते.

त्यानंतर त्यांनी घरून एक तुराटी आणली. तुरीच्या झाडाची वाळलेली काडी, हातभर लांब. पेन तिला चिकटपट्टीने घट्ट गुंडाळलं. आता ते खिशात जाणं शक्य नव्हतं, कानावर ठेवणं शक्य नव्हतं, आणि लिहिताना मागचं टोक शेजाऱ्याच्या डोळ्यात जाण्याची शक्यता होती. हा उपाय आठवडाभर टिकला. मग एका दुपारी टेबल रिकामं दिसलं. गोटेबाबू उठले, चप्पल न घालता रस्त्यावर गेले आणि सरळ बसस्टँडवर पोचले. मी मागे गेलो, कारण बातमी चालती होती.

वाशीमच्या गाडीत केनवडचा एक माणूस गुडघ्यांच्या मध्ये तुराटी उभी धरून बसला होता. इतरांनी जशी छत्री धरावी तशी. गोटेबाबूंनी गाडीत चढून ती ओढली.

"कायले आणली?"

"मले वाटलं, देली."

"सरकार तुराटी देते काय?"

"आजकाल काय बी देते, साहेब," तो माणूस शांतपणे म्हणाला. गाडी हसली. कंडक्टर हसला. गोटेबाबूंनी पायरीवर उभं राहून गाडीला उद्देशून एक भाषण केलं. त्यातलं छापण्यासारखं वाक्य एकच होतं, त्यांचं ठरलेलं, आणि ते वर दिलं आहे.

तुराटीनंतर सायकलच्या ब्रेकची तार आली. एक टोक टेबलाच्या पायाला, दुसरं पेनाला. ही तार कापली जाणार नव्हती. पण याच काळात गोटेबाबूंनी एक विचित्र काम सुरू केलं. लिहिताना तार मनगटावरून घासत जायची. लिहून झालं की ते त्या माणसाचा हात धरायचे, उलटा करायचे आणि मनगट पाहायचे.

"लागते काय?"

माणसं गोंधळायची. काही जण भीतीने "नाई" म्हणायचे. एका म्हातारीने हात पुढे केला तो काढलाच नाही. "नीट पाहाय बापा. आयुष्य किती लिवलं हाये?" गजानन भिंतीकडे तोंड करून हसला. गोटेबाबू कडाडले, "माय, आयुष्य नाई पाहून राह्यलो. तार लागते काय, तेवढं सांग." म्हातारी म्हणाली, लागते. दुसऱ्या दिवशी तार काढलेली होती. पेन नेणाऱ्यांना तुरुंगात टाका म्हणणारा हा माणूस त्यांच्या मनगटांची एवढी काळजी का करतो, याचा आम्ही सगळ्यांनी थोडा विचार केला आणि सोडून दिला.

शेवटी त्यांना टेलिफोनच्या रिसीव्हरची वेटोळी वायर सापडली. कार्यालयातले जुने फोन भंगारात निघाले होते, त्यातली. मऊ, गुळगुळीत, ओढली की लांबणारी. "ओढलं तं येते, सोडलं तं वापस जाते. असंच पाह्यजे," असं ते स्वतःशी म्हणाले. त्यांच्या तोंडून एखाद्या वस्तूची स्तुती मी तेव्हा प्रथम ऐकली. दोन वायरी जोडून त्यांनी लांबी वाढवली. पेन नेण्यासाठी वायर दारापर्यंत पोचायची काही गरज नव्हती, उलट ती पोचू नये हेच बरं. पण ते समोरच्या माणसाला पेन हातात देऊन चालायला लावायचे. "जा समोर. अजून जा. हं, तिथं थांबा." ज्याला फक्त सही करायची होती असा माणूस पेन धरून दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. सरकारी काम असंच असतं, अशी समजूत असल्याने कोणी कारण विचारत नसे.

घंटी या वायरीला नंतर लागली. ती आल्यावर गोटेबाबूंनी जेवणाच्या सुट्टीत आणखी एक प्रयोग केला. टेबलावर डोकं ठेवायचे, डोळे मिटायचे आणि गजाननला सांगायचे, हळूच उचल. गजानन श्वास रोखून पेन उचलायचा. घंटी वाजायची. गोटेबाबू ताडकन उठायचे. मग पुन्हा. "अजून हळू. चोरावानी." गजाननने मला विचारलं, बाबूयची झोप होत नाई काय घरी? मी म्हणालो, वय झालं.

घंटी बसल्यापासून एकही पेन गेलं नाही. ऐकून ऐकून त्यांना आवाजावरून माणूस कळू लागला. खाली पाहतच ते सांगायचे की हा नुसती सही करून राह्यला, हा गावाचं नाव खोडून राह्यला. खरं लिहिणारा सलग वाजतो आणि खोटं लिहिणारा थांबत थांबत, असा त्यांचा दावा होता. तो मी तपासलेला नाही. संध्याकाळी निघताना ते वायर आणि घंटी पेनापासून सोडवून पिशवीत टाकायचे आणि घरी न्यायचे. कपाटावरही त्यांचा विश्वास नाही, असं गजानन म्हणायचा. पेन मात्र ते टेबलावर तसंच सोडून जायचे. ही विसंगती माझ्या लक्षात आली होती. मी तिचं काही केलं नाही.

घरी बायको असते आणि तिची तब्येत बरी नसते, एवढंच कार्यालयाला माहीत होतं. दिवसा तिची बहीण येऊन बसते, असं कोणीतरी म्हटलं होतं. गोटेबाबू डब्याच्या वेळी रोज घरी एक फोन करतात. त्या फोनवरही ते रागावूनच बोलतात. "हाये ना?" एवढंच विचारतात आणि ठेवतात.

मागच्या शुक्रवारी नव्या साहेबांच्या दालनात बैठक होती. बाहेर दाखल्यांसाठी गर्दी होती. घंटी दुपारभर वाजत राहिली. आत एक अधिकारी काहीतरी समजावत होते आणि प्रत्येक वाक्यानंतर बाहेर गोऱ्ह्याने मान हलवल्यासारखा आवाज येत होता. बैठकीतले लोक हसले. साहेब बाहेर आले. त्यांनी टेबलावरची कात्री घेतली, घंटीची दोरी कापली, पेनही उपटलं आणि दोन्ही घेऊन आत गेले. जाताना ते म्हणाले की हे कार्यालय आहे, गोठा नाही.

गोटेबाबू उभे राहिले. आम्हाला वाटलं आता स्फोट होणार. तो लगेच झाला नाही. पाच वाजता बैठक संपली. साहेब वाशीमला जायला गाडीत बसले तेव्हा गोटेबाबू गाडीच्या काचेशी गेले.

"साहेब, पेन ठेवा. कायमचं ठेवा. घंटी वापस द्या."

सोमवारी पाहू, असं साहेब म्हणाले. गाडी गेली. घंटी साहेबांच्या ड्रॉवरात होती आणि किल्ली साहेबांच्या खिशात. स्फोट तेव्हा झाला. गोटेबाबूंनी दालनात शिरून ड्रॉवर ओढला, मग पंचिंग मशीनने कुलपावर मारलं. गजाननने त्यांना मागून मिठी मारून धरलं. दोन दिवस सुट्टी आहे, ऑफिस बंद आहे, घंटी कोणासाठी पाह्यजे, असं आम्ही आळीपाळीने सांगत होतो. ते ओरडत होते की तुमाले काई समजत नाई, आज रातीचं काय करू मी. रागात माणूस काहीही बोलतो, अशी मी मनात नोंद केली. मग ते एकदम थांबले. नुसती वायर पिशवीत घातली आणि चालू लागले.

कुलपाची हकीकत साहेबांना फोनवर कळली. शनिवारी सकाळी ते परतले आणि त्यांनी मला बोलावून घंटी हातात ठेवली. या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही, पण वस्तू त्याची आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पेन कुठे, असं मी विचारलं. पेन त्यांनी टेबलावर ठेवलं होतं. बैठकीतलं कोणीतरी घेऊन गेलं होतं.

गोटेबाबूंचं घर बायपासकडच्या नव्या वस्तीत आहे. मी आधी कधी गेलो नव्हतो, कारण त्यांनी कधी कोणाला बोलावलं नव्हतं. कडी वाजवली. आतून दोन माणसांची पावलं आली. दार उघडलं तेव्हा दारात गोटेबाबू होते, डोळे लाल, आणि त्यांच्या खांद्यामागे त्यांच्या पत्नी, कमलबाई. गोटेबाबूंच्या उजव्या मनगटाला टेलिफोनची वायर होती. दुसरं टोक कमलबाईंच्या डाव्या मनगटाला होतं. दोन्ही टोकांना जुन्या बनियनचं कापड गुंडाळलेलं होतं, वायर लागू नये म्हणून.

"काहून आले?" गोटेबाबूंनी विचारलं.

मी घंटी दाखवली. त्यांनी ती घ्यायला हात पुढे केला, पण कमलबाईंनी आधी घेतली. "या ना भाऊ, बसा," त्या म्हणाल्या. "ह्यायच्या बोलण्याचं काई मनावर घेऊ नका. चहा ठेवतो."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. वायर ताणली गेली तसे गोटेबाबूही उठून मागे गेले. साखर पुढच्या खोलीत राहिली होती, ती न्यायला दोघं आले. पुन्हा दोघं गेले. चहा घेऊन दोघं आले.

कमलबाई खुर्चीवर बसल्या आणि मला समजावू लागल्या. "पैले असे नोते हे. आता इसरतात. मांगच्या उन्हाळ्यात पहाटीच निंघून गेले. अनवाणी. अनसिंगच्या रस्त्यानं सापडले. लोकायले सांगत होते, माहेरी चाललो म्हून. आता बाप्या माणसाले माहेर असते काय?" त्या हसल्या. मग गंभीर झाल्या. "म्हून बांधून ठेवतो. झोपेतून बी उठतात. काय करता भाऊ, नजर हटली का जातात."

अनसिंग हे कमलबाईंचं माहेर आहे. हे मला गोटेबाबूंकडून नंतर कळलं.

गोटेबाबू बशीत चहा ओतत होते. पंख्याची, चपलेची, सरकारची चूक न सोडणारा हा माणूस. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत थांबलो. त्यांनी चहा पिऊन बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "हो. इसरतो मी."

कमलबाईंनी घंटी वायरीला बांधायला घेतली, गोटेबाबूंच्या मनगटाजवळ. कमलबाईंना गाठ जमेना. एकदा सुटली, दोनदा सुटली. गोटेबाबू हात पुढे धरून बसून राहिले. तिसऱ्यांदा गाठ बसली. कमलबाईंनी वायर हलवून पाहिली. वाजली. "आता कळते मले," असं त्या म्हणाल्या आणि नवऱ्याच्या हातावर थोपटलं.

मी निघालो. गोटेबाबू ओट्यापर्यंत आले, वायर तिथपर्यंतच पुरत होती. कार्यालयात दारापर्यंत चालत गेलेली माणसं मला आठवली.

"अन् पेन?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचा होता, करडा.

मी सांगितलं की पेन गेलं. साहेबांच्या टेबलावरून कोणीतरी नेलं. आता ते साहेबांचा उद्धार करतील म्हणून मी चपला घालून तयार उभा होतो.

मागून घंटी वाजली. कमलबाईंनी आतून वायर ओढली होती. गोटेबाबूंनी वळून पाहिलं.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "पेन भेटते."

आणि आत गेले.