उत्पत्ती उद्यानाला करमाफी

पृथ्वीचं वय किती, हा प्रश्न शास्त्राचा नसून करआकारणीचा आहे. केंटकीतल्या टर्कीफोर्क काउंटीत ते बायबलच्या हिशोबाने सहा हजार वर्षं धरण्यात आलं, तेव्हा करमाफी तीसच वर्षांची मागितली होती. अर्जदारांचा संयम इथेच दिसतो.

नियोजित 'उत्पत्ती उद्याना'त आदाम आणि हव्वा डायनासोरवर बसून रपेट करणार होते. सातशे नोकऱ्या मिळणार होत्या. (काउंटीत काम करण्याजोगी माणसं पाचशे चाळीस; उरलेली निर्माण करण्यात येतील, असा अर्थ घ्यायचा.) वाहनतळाची खडी इथल्याच खाणीतली. तिच्या प्रत्येक ओंजळीत दगड झालेले समुद्री शिंपले निघतात. त्यांचं वय विचारू नये, अशी पाटी मंजूर झाली होती.

ऑर्लीन कॉम्ब्सला यातल्या कशाचंच वावडं नव्हतं. चर्चचा रविवार चुकवणारी ती नव्हे. ती फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायची, आणि करमाफी झाली की आधी ती गाडी बंद होणार, असं पत्र तिला आलं होतं. तिची सहा वर्षांची मेवी त्याच गाडीच्या पायरीवर वाचायला शिकली. अजून ओठ हलवत वाचायची. अवघड शब्द आला की आईची बाही धरायची.

काउंटी कचेरीचं छत गळत असल्यामुळे जनसुनावणी चर्चच्या तळघरात झाली. (धर्म आणि शासन यांची गल्लत होऊ नये म्हणून भिंतीवरचा क्रूस पडद्याने झाकला होता. पडद्यावर भरतकामाचा क्रूस होता.) बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. बाजूने नावं तीन, विरोधात एक्केचाळीस.

"घाबरलीस तर मागून चिमटा काढीन," शेजारच्या वनीटाकाकू म्हणाल्या.

"काकू, आधी माझा कागद द्या. तुम्ही त्यावर मक्याचा पाव ठेवलाय."

"असू दे. तुपकट कागद फडफडत नाही. घाबरलीस तरी कुणाला कळणार नाही."

काउंटीचे अध्यक्ष डेलमर पेनिक्स उठले. "आधी प्रार्थना, मग जेवण, मग भांडण. आपली पद्धत."

सगळ्यांनी डोळे मिटले. पाळक हॉबर्ट सुरू झाले. "प्रभू, या घेवड्याच्या कालवणाला आशीर्वाद दे. शिजवणाऱ्या हातांना दे. वनीटाच्या गुडघ्याला आराम पडो. ठराव क्रमांक चौदा, तीस वर्षांची करमाफी, हिच्यावर तुझी कृपा असो. आणि आम्हाला भूक लागलीय, हे तू जाणतोसच."

"आमेन," दोनशे छप्पन्न जण म्हणाले. ऑर्लीनही म्हणाली. मेवी सगळ्यांत मोठ्याने.

"लिहून घ्या," पेनिक्स चिटणिसांना म्हणाले. "सर्वानुमते मंजूर."

"मी अजून बोललेच नाही," ऑर्लीन म्हणाली.

"बोललीस की, बाई. सगळ्यांनी ऐकलं."

"ते जेवणासाठी होतं."

"आमेन मागे घेता येतं. पण अख्खं घ्यावं लागेल. त्यात वनीटाचा गुडघा आला, कालवणही आलं."

माणसं हातात ताटं घेऊन रांगेत उभी राहिली होती. मेवीने बाही धरली. "आई, तू मागे घेतलंस तर काकूंचा गुडघा दुखेल?"

"तो बावीस वर्षं दुखतोय, बाळा," वनीटाकाकू म्हणाल्या. "घे गं मागे, ऑर्लीन. खुशाल घे." त्यांच्या हातात डाव होता, त्या वाढायला लागल्या होत्या.

"घेते," ऑर्लीन म्हणाली.

विरोधातल्या उरलेल्या चाळीस जणांकडे पेनिक्सनी अदबीने पाहिलं. चाळिसांनी एकमेकांकडे पाहिलं, मग कालवणाकडे. इतिवृत्तात नोंद झाली: विरोध एक. सोमवारी ऑर्लीनने गाडीच्या किल्ल्या कचेरीत जमा केल्या.

ती चाळीस माणसं चांगलीच होती. त्यांना नावं ठेवण्यापूर्वी वाचकांनी आपल्या सोसायटीच्या मागच्या वार्षिक सभेत, सामोशांचं खोकं दारातून आत येत असताना, आपण कशाकशाला 'मंजूर' म्हणालो ते आठवून पाहावं. आठवत नसेल तर इतिवृत्त काढावं. खाली आपली सही आहे.