राजारामची व्हॅन-ट्रिप

व्हॅनचे मागचे दार सताड उघडे, समोर युटाचे लाल कडे आणि हातात वाफाळता चहा. देवांगने हा फोटो मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि इकडे सांता क्लारात त्याच्या मित्राच्या, सुमंतच्या घशात पोहे अडकले.

"गाडीत झोपायला आलो का आपण अमेरिकेत?" असे त्याने ताबडतोब ग्रुपवर लिहिले. मग तोच फोटो मोठा करून तो व्हॅनचे मॉडेल शोधू लागला.

"जायचंय तर सरळ विचार ना त्याला," त्याची बायको चारुता म्हणाली.

"म्हणजे तो जन्मभर ऐकवायला मोकळा!"

शेवटी त्याने देवांगला फोन लावला. "अरे, ऑक्टोबरमध्ये नागपूरहून माझा मावसभाऊ येतोय. राजाराम. त्याला फार हौस आहे. तुझा रूट पाठव ना."

सुमंतच्या आईला बहीणच नव्हती.

रूट आला. देवांगचे सात थांबे होते. सुमंतने नऊ केले. कुठल्या कड्यावर सूर्यास्त किती वाजून किती मिनिटांनी, सावली कुठून चढणार, युटातून ॲरिझोनात शिरताना घड्याळ तासभर मागे कसे जाते, सगळे एक्सेलमध्ये भरले. शीट इतकी देखणी झाली, की ती देवांगला दाखवून जळवल्याशिवाय राहवेना. "राजारामने केलीय," त्याने कळवले.

"काय डोकं आहे रे तुझ्या भावाचं!" देवांगचा लगेच फोन. "ऑक्टोबरमध्ये व्हॅन मिळत नाही हं. माझ्या ओळखीत एकजण आहे, त्याची शेवटची व्हॅन राजारामच्या नावाने धरून ठेवतो."

देवांगची बायको प्रीता हिने राजारामच्या प्रवासासाठी बेसनाचे लाडू पाठवले. ते सुमंतने खाल्ले. आठवड्याने मात्र व्हॅनवाल्याने राजारामचे लायसन्स मागितले.

"त्याचा व्हिसा रिजेक्ट झाला रे," सुमंतने देवांगला सांगितले आणि श्वास रोखला. आता हा म्हणणार, मग तूच जा.

"अरेरे, बिचारा! आणि तुला तर गाडीत झोपणं..."

"नाही, तसं अगदीच काही..."

"नको यार, आमच्यासाठी मन मारू नकोस. आम्हीच जातो परत. शीट तयारच आहे!"

ऑक्टोबरमध्ये ग्रुपवर नऊ सूर्यास्त आले, शीटपेक्षा मिनिटाचाही फरक नाही. खाली देवांगने लिहिले होते, "सगळं श्रेय नागपूरच्या राजारामला." पाठोपाठ टाळ्यांची रांग लागली. एका काकूंनी तर राजारामचे लग्न झाले आहे का, तेही विचारले.

सुमंतने फोन सोफ्यावर आपटला.

"स्वतःला समजतो कोण हा राजाराम?"