आतमंधी कोनी नाही

आमच्या गल्लीत कुणाचीही चारचाकी आली, की सुखदेव मिस्त्री आधी तिचं दार वाजवतात. दार म्हणजे बाहेरचं नव्हे. ते उघडून मिस्त्री कमरेत वाकतात, ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर जो डॅशबोर्ड असतो त्यावर बोटाच्या पेराने तीनदा टकटक करतात, मान तिरपी करून ऐकतात आणि निकाल देतात. "हाय." किंवा "नाही." निकाल "हाय" असेल तर गाडीवाल्याला नमस्कार घालतात. "नाही" असेल तर कुणाशी एक शब्द न बोलता घरात जाऊन कडी लावतात.

गल्लीतल्या एका मुलीला पाहायला पाहुणे आले होते. त्यांच्या गाडीला मिस्त्रींनी "नाही" म्हटलं, आणि पाहुण्यांपैकी एका म्हाताऱ्याने परतीच्या वेळी गाडीत बसायलाच नकार दिला. तो एसटीने गेला. लग्न पुढे झालं, पण आजही त्या घरात मिस्त्रींचं नाव निघालं की चहात साखर कमी पडते.

मिस्त्रींचं पूर्वी चिखलीत गाड्यांच्या कुशनचं दुकान होतं. सीट, छताचं कापड, डॅशबोर्डवरचं रेक्झिन, सगळं शिवायचे. मग एक दिवस त्यांनी गाड्यांची कामं बंद केली. आता ते घरासमोरच्या ओट्यावर मशीन मांडून मोटारसायकलींच्या सीट आणि शाळेची दप्तरं शिवतात. अंगाने वाळलेले, गळ्यात टेप, आणि कॉलरमध्ये खोवलेली सुई, जी जेवतानाही तिथेच असते. त्यांचं एक पेटंट वाक्य आहे : "वरून तं गोड हाय." नवी सून असो, नवा रस्ता असो, निवडणुकीतला उमेदवार असो, मिस्त्रींचा अभिप्राय तोच. शाळेच्या गॅदरिंगला मी पाऊण तास भाषण ठोकलं होतं. खाली उतरल्यावर मिस्त्री म्हणाले, "वरून तं गोड होतं, सर." मी दोन दिवस त्याला कौतुक समजत होतो.

तर अशा माणसाच्या शेजारी राहून मी जुनी गाडी घेतली. तीही त्यांना न विचारता, आणि तीही केवळ आतून देखणी होती म्हणून. मलकापूरच्या एका दलालाने दार उघडून दाखवलं आणि मी इंजिन पाहायचं विसरलो. डॅशबोर्डवर तपकिरी रेक्झिन, त्यावर पांढऱ्या दोऱ्याची अशी सरळ शिवण, की फळ्यावर मला पट्टी घेऊनही तशी रेघ मारता येत नाही.

गाडी दारात उभी केली. मिस्त्री आले. टकटक केली आणि ऐकलं. पुन्हा केली. या वेळी कान जवळजवळ टेकवला.

"आतमंधी कोनी नाही, सर."

"चांगलंच आहे की! कोणी असतं तर पंचाईत होती."

ते हसले नाहीत. त्या शिवणीवरून बोट फिरवत गेले आणि शेवटच्या टाक्यापाशी थांबले. मग उठले आणि कडी लावून घेतली.

आता सांगतो ते हसण्यावारी नेऊ नका, मी नेलं आणि फसलो. भुताची भीती मला माहीत आहे, कोणीतरी असण्याची. कोणी नसण्याची भीती मात्र मिस्त्रींनी शिकवली. देऊळघाटच्या रस्त्याने गाडी चालवताना मी सारखा डावीकडे बघायला लागलो. तिथे आमची सौ. बसलेली असायची, आणि तिच्या समोर ते तपकिरी, गुळगुळीत, गप्प रेक्झिन. एकदा खड्ड्यात गाडी आदळली, तर आतून काहीतरी मऊसं सरकल्याचा आवाज आला. कूस बदलल्यासारखा.

"ऐकलंस?"

"काय?"

"काही नाही."

शेवटी मी मिस्त्रींनाच धरलं. ते म्हणाले, "ठोकर झाली का तोंडासमोर पिशवी फुगते ना, एअरबॅग? ते नाही आत. काहाडलेली हाय." मी तडक मलकापूरला गेलो. दलालाच्या ओळखीचा गॅरेजवाला होता. त्याने किल्ली फिरवली आणि मीटरवर बोट ठेवलं. "पाहा सर, बॅगमंधी बिघाड असला तं इथं लाल दिवा लागते. लागला का? नाही ना? मंग झालं." मी छाती काढून परत आलो.

"मिस्त्री, दिवा लागतच नाही!"

"किल्ली फिरवल्या फिरवल्या, दोन घडी बी नाही?"

"अजिबात नाही! एकदाही नाही!"

मिस्त्रींनी मशीनवरून हात काढला. "जित्या मानसाचा डोया एकदा तरी उघडते, सर. चालू करतानी तो दिवा लागलाच पायजे, मंग इझते. लागतच नाही म्हंजे कोनं तं वायर कापली."

म्हणजे गाडीला आंधळं केल्याचा पुरावा मी स्वतः आनंदाने नाचवत आणला होता.

तरी मी गप्प बसलो असतो. आपल्याकडे काय चालत नाही? वर चकचकीत असलं की आत थोडंफार चालतंच. पण मे महिन्यातली एक दुपार आडवी आली. दीड वाजला असेल. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही, डांबर मऊ झालेलं, कूलरांची घरघर. मी पाणी प्यायला उठलो आणि खिडकीतून पाहिलं. गाडी कडुनिंबाखाली होती, काच चार बोटं उघडी. मिस्त्री त्या फटीला तोंड लावून उभे होते. टकटक नाही. नुसते बोलत होते, अगदी हळू, झोपलेल्या माणसाशी बोलावं तसं.

"हायेस ना वं माय? गरम होते का तुले?"

माझ्या हातातला गडू खिडकीच्या गजाला लागून वाजला. मिस्त्रींनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं, आणि उन्हात डोकं न झाकता घरी निघून गेले.

सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, इकून टाका ते गाडी. आजच्या आज. मिस्त्री येडे असतीन तरी इका, आन् शहाणे असतीन तं आधी इका."

मी विकायला काढली. इथे माझा खरा पराक्रम सुरू होतो. आत पिशवी नाही हे मला आता पक्कं ठाऊक होतं, आणि गिऱ्हाईकाला ते सांगायचं नाही हेही मी पक्कं केलं होतं. मनाशी म्हटलं, मला कोणी सांगितलं होतं? मी वर्गात नागरिकशास्त्र शिकवतो, हे जाता जाता नमूद करतो.

रविवारी सकाळी देऊळघाटचं एक तरुण जोडपं आलं. तो बाहेरून टायर बघत होता. ती सरळ पुढच्या सीटवर बसली, पाय लांब केले, रेक्झिनवरून हात फिरवला. "लय मस्त हाय हो. मले तं इथं झोपच लागीन."

"लागणारच!" मी म्हणालो. "आतलं काम बघा. असा कारागीर आता मिळत नाही."

ओट्यावरचं मशीन थांबलं. मिस्त्री उठून आले. आता टकटक होणार आणि माझं बिंग फुटणार. पण त्यांनी डॅशबोर्डला हातही लावला नाही. त्या मुलासमोर उभे राहिले.

"भाऊ, हे काम मायं हाय."

"अरे वा."

"वा नाही. ठोकर झालेली गाडी होती. फुटलेली पिशवी काहाडली, नवी बसवली नाही, मी वरून शिवून देल्लं. ड्रायवरच्या समोरची बी नाही. वायर कापेल हाय. बाईले इथं बसवू नको."

बाई चटकन खाली उतरली. मुलाचा चेहरा बदलला. "काऊन केलं बे असं बुढ्या? मानसं बसतात ना यात!"

"हाव."

"आन् हे सर? यायले माईत नव्हतं?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही ठाऊक नाही. मिस्त्री माझ्या आधी बोलले.

"सरले काय माईत राह्यते? पुस्तकातला मानूस. त्याहिले बोनट कोन्या बाजूनं उघडते ते बी माईत नाही. त्याहिले बी फसवलं."

जाताना त्या मुलाने माझा हात हातात घेतला. "सर, तुमाले लय वाईट लोकं भेटले." मी मान खाली घातली. त्याला वाटलं, दुःखाने.

ते गेल्यावर मिस्त्रींनी कॉलरमधली सुई बाजूला केली आणि ब्लेड मागितलं. स्वतःचीच शिवण शेवटच्या टाक्यापासून उलटी उसवत गेले. रेक्झिन वर उचललं, आत कोपरापर्यंत हात घातला आणि चादरीची असावी तशी एक घडी बाहेर काढली. गोधडीचा तुकडा. जुन्या लुगड्यांचा, हिरवा, जांभळा, हाताने दाट टाचलेला.

"मायच्या हातची," ते म्हणाले. "एक दलाल ठोकलेल्या गाड्या आनाचा. पैल्या गाडीत हात घातला तं निरं पोकय. तसंच लावून द्याले हात होईना. काहीतरी मऊ तं असावं, म्हनून घरची गोधडी कापली. सात गाड्या केल्या, सात तुकडे." त्यांनी तुकड्यावरची धूळ झटकली. "अशानं कोनी वाचत नाही, सर. मले समजत होतं."

"मग बंद कधी केलं?"

"एकदा बसस्टँडवर त्यातली एक गाडी दिसली. पुढं एक बाई, मांडीवर लेकरू. लेकरू खेयता खेयता डॅशबोर्डवर थापा मारून राह्यलं होतं. बाई मायाकडं पाहून हासली. झालं काहीच नाही. गाडी निंघून गेली. मी दुकान बंद केलं."

तुकडा घेऊन ते निघाले. मी मागोमाग गेलो. इतक्या वर्षांत त्यांच्या घराच्या आत मी पहिल्यांदाच जात होतो. एक खोली, एक खाट, एक ताट. खाटेवर गोधडी पसरलेली होती, आणि तिच्यात पाच तुकडे पुन्हा जोडलेले, त्याच पांढऱ्या दोऱ्याने. विचारलं तेव्हा कळलं, गावोगावच्या पाच गाडीवाल्यांपुढे त्यांनी हे असंच कबूल केलं होतं, शिव्या खाल्ल्या होत्या, तुकडा मागून आणला होता. उरलेल्या दोन भोकांतून खाटेची सुतळी दिसत होती.

"थंडीत हीच घेता?"

"दुसरी हाय कुठं? पाय आखडून झोपतो."

मी म्हणालो, "मिस्त्री, मला माहीत होतं. त्या पोराला मी सांगणार नव्हतो."

त्यांनी सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा जमलं.

"मले बी सारं माईत होतं, सर. शिवतानी." मग तुकडा भोकावर ठेवला, आणि त्याची एक कड माझ्या हातात दिली. "हे धरा. ढिली सोडू नका."