पुजलेल्या मडक्याची बखर

श्रीगजानन प्रसन्न, नदीमाय प्रसन्न. जी माणसे ऐलतीरी थांबली आणि पैलतीरी पोहोचली नाहीत, त्यांचे स्मरण करून ही हकीकत लिहिली असे.

शके सोळाशे ब्याण्णव, विकृती नाम संवत्सर, चैत्र मास. नदीकाठी एक राज्य होते. राज्य एवढे लहान की एका टोकास फोडणी दिली तर दुसऱ्या टोकास ठसका लागे. धान्य होते, दूधदुभते होते, राजा स्वभावाने बरा होता, परंतु वैद्य आणि सुईण दोघेही नदीपलीकडे, आणि मध्ये एकच तर, म्हणजे माणसे उतरविणारी नाव, आणि तिचा मक्तेदार असा की तर माणसांनी भरल्याशिवाय दोर सोडणे नाही. त्या राज्यात चिमाक्का म्हणून वृद्ध बाई राहत होत्या. त्यांची एकुलती लेक तानी कळा देत काठावर बसली होती, आणि तर अर्धी रिकामी होती, आणि मग माणसे गोळा होईतो तानीने वाळूवरच मुलीस जन्म दिला आणि डोळे मिटले. ती मुलगी चंद्रा. चिमाक्कांनी तीस बोळ्याने दूध पाजून वाढविली, आणि यथाकाल लग्न करून दिली, आणि त्या चैत्रात चंद्रास दिवस गेल्याचे वर्तमान सासरहून आले. सारे राज्य साखर वाटा म्हणाले. चिमाक्कांनी साखर वाटली आणि आपण मात्र जेवल्या नाहीत.

दुसरे दिवशी त्या महादबा सुतारांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "महादबा, एकट्या माणसासाठी सुटेल ऐशी होडी पाहिजे. गावाची. कोणाच्या मक्त्याची नव्हे."

महादबा बोलिले, "आक्का, होडी बांधतो. पण मोल हाती आल्यावाचून पाण्यात घालणार नाही. माझ्याही घरी चूल आहे."

मग चिमाक्कांनी शेजारच्या बायका जमविल्या आणि मसलत केली. वर्गणी मागावी तर लोक एकदा देतात आणि दुसऱ्यांदा दार लावून घेतात, ऐसे सर्वांचे मत पडले. तेव्हां खेळ मांडण्याचे ठरले. खेळाची रीत येणेप्रमाणे: देवळाच्या ओट्यावर मडकी पालथी घालावी, प्रत्येकाखाली गंजिफाचा एकेक गोल रंगीत पत्ता ठेवावा, आणि साऱ्यांत राजाचा पत्ता एकच असावा. दर आदितवारी लोकांनी कवड्या देऊन चिठ्ठ्या घ्याव्या, जमेल ते पेटाऱ्यात पडावे, आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याने एक मडके उचलावे. राजा निघाला तर पेटाऱ्यातले अर्धे त्याचे आणि अर्धे होडीचे. न निघाला तर त्याने नारळ घेऊन घरी जावे, ते मडके बाजूस काढावे, आणि पेटारा तैसाच पुढल्या आदितवारी वाढत जावा. राजा निघाल्यावाचून पेटारा उघडणे नाही, ही शपथ चिमाक्कांनी स्वतः घातली. पत्ते ठेविले रवळू गुरवांनी, जे जन्मांध होते, म्हणोन राजा कोठे आहे हे एका देवास ठाऊक.

खेळास आरंभ करताना चिमाक्कांनी, कोणतेही कार्य आरंभिताना करावे तैसे, पहिल्या मडक्यास हळदकुंकू लाविले, अक्षता वाहिल्या आणि हात जोडिले.

त्या राज्यात उमाआत्या म्हणून सोवळ्यात अतिकडक बाई होत्या. त्या ओट्याखालून जाता जाता बोलिल्या, "पत्त्यांनी राज्ये बुडालेली ऐकली होती, आक्का. पत्त्यांनी होडी तरते, हे नवलच!"

चिमाक्का म्हणाल्या, "एक चिठ्ठी घ्या, म्हणजे नवल जवळून दिसेल."

"मी आणि जुगार? माझ्या गोठ्यातली ढवळीसुद्धा खेळायची नाही!"

मग आदितवार लोटू लागले. लोक शेताच्या वाटेवर भेटले तरी कोणते मडके उचलावे हेच बोलत. कोणी उजवीकडचे उचलले, कोणी स्वप्नात दिसलेले उचलले, कोणी बायकोच्या धाकाने डावीकडचे उचलले, आणि सर्वांनी नारळ नेले. त्या हंगामात ज्या घरी जावे तेथे ओल्या खोबऱ्याची वडी पुढे येई, तिची चव अजून जिभेवर आहे. पेटारा जड होत गेला, आणि होडीही आकारास आली, आणि चिमाक्का मनी संतोष पावल्या. परंतु आश्विन आला, आणि चंद्रा बाळंतपणास आजीकडे आली, आणि राजा काही निघेना. मडकी एकेक करून सरली. मार्गशीर्ष लागला तेव्हां ओट्यावर एकच मडके उरले, आणि ते पुजलेले. कुंकू लाविलेले मडके उचलण्याचे धैर्य इतक्या दिवसांत एकासही झाले नव्हते, आणि राजा पहिल्या दिवसापासून त्याच्याखालीच स्वस्थ बसला होता.

आता ज्याची चिठ्ठी त्याचा राजा, हे उघड झाले. शेजारच्या राज्यातूनही माणसे लोटली, आणि मक्तेदाराची तर त्या दिवशी चार वेळा भरून आली. रवळू गुरवांनी हंड्यात हात घालून चिठ्ठी काढिली आणि कुळकर्ण्यांनी वाचिली: "ढवळी."

"कोण ढवळी?"

मग गर्दीच्या मागून उमाआत्या पदर सावरीत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "हसता काय? गाय खेळली, मी नव्हे."

ओट्यावर ऐसा हशा उठला की कबुतरे उडाली. परंतु उमाआत्या मडक्यापाशी जाऊन थबकल्या आणि बोलिल्या, "आक्का, पुजलेल्यावर मी हात टाकणार नाही. ढवळीही टाकणार नाही."

बोलणे खरे होते. कुळकर्णी खाली मान घालून म्हणाले, "आणि राजा निघाल्यावाचून पेटारा उघडणे नाही. शपथ आपलीच आहे, आक्का."

चंद्रा खांबास टेकून, कमरेस हात लावून उभी होती. चिमाक्कांनी तीस पाहिले आणि मग मडक्यावरले वाळलेले कुंकू पाहिले, आणि आपल्याच बोटाचा तो ठसा आपल्या नातीच्या वाटेत आडवा आला हे त्यांच्या ध्यानात आले. क्षणभर त्या खाली बसल्या. मग त्यांनी मूठभर अक्षता मागविल्या, मडक्यावर वाहिल्या, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "देवा, मीच बोलाविले, मीच बसविले. आता उठावे. पोरीची वेळ भरत आली." ऐसे म्हणोन त्यांनी मडके किंचित उत्तरेस सरकविले, जैसे भाद्रपदात गणपतीस सरकवितात.

"आता हे मडके आहे," त्या म्हणाल्या.

"खात्रीने?" उमाआत्यांनी पुसले.

"मूर्ती हलविली की माती राहते, हे मला तुम्हीच शिकविलेत, उमाताई."

उमाआत्यांनी डोळे मिटून मडके उचलिले. खाली राजा, रंग जराही न उडालेला.

मग पेटारा उघडिला. कोणी म्हणाले, आत्या, तुमचे अर्धेही होडीस द्या. आत्या कडाडल्या, "का म्हणून? ढवळीने कवड्या मोजल्या आहेत!" आणि चिमाक्का म्हणाल्या, "बरोबर बोलल्या. खेळ तो खेळ." आत्यांनी त्यातून नवा गोठा बांधिला. पुढे जो कोणी दुखणाईत होडीने जाई, त्याजसाठी त्या गोठ्यातून ऊन दुधाचा तांब्या येई, आणि कोणी पुसले तर आत्या म्हणत, "मला काय ठाऊक? ढवळी देते."

महादबांनी मोल घेतले आणि होडी पाण्यात घातली. राज्यातल्या साऱ्या बायका हळदकुंकवाची तबके घेऊन काठावर आल्या. तोच चिमाक्का दोन्ही हात पसरून होडीपुढे उभ्या राहिल्या. "बायांनो, हात आवरा! हीस पुजाल तर उद्या कोणी हीत पाय ठेवणार नाही."

तबके तैसीच हाती राहिली. चार दिवसांनी पहाटे चंद्रास कळा सुरू झाल्या. नावाडी दोर हाती घेऊन उभा होता, तरी काठावर येऊन ती सवयीने मागे पाहू लागली, की आणखी कोण यावयाचे आहे.

चिमाक्का म्हणाल्या, "कोणी यावयाचे नाही. पाय ठेव, पोरी."

होडी रिकामी होती आणि रिकामीच सुटली.

येणेप्रमाणे वर्तमान. चंद्रास कन्या झाली, तिचे नाव काय ठेविले हे सांगणे नलगे. त्या होडीस पुढे कितीदा नव्या फळ्या बसल्या, परंतु कुंकवाचे बोट आजतागायत लागले नाही. जे ध्यानात राहिले ते लिहिले. जे राहिले नाही ते नदीस ठाऊक.