शंभरातले पाच

"या घरात भांडी कुणी घासायची यावरून यापुढे वाद होणार नाही!" जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून प्रोफेसरांनी जाहीर केलं. त्या दणक्याने पेल्यातलं पाणी सांडलं, आणि ते पुसायचं कुणी यावरून लगेच वाद झाला.

प्रोफेसर म्हणजे कॉलेजातले नव्हेत बरं का! गेम बनवणाऱ्या एका कंपनीत ते प्रोग्रॅमर. कुणी साधी पेन्सिल मागितली तरी ती सापडण्याची शक्यता किती, हे आधी सांगायचे. म्हणून ऑफिसात हे नाव पडलं आणि घरीही चिकटलं. सध्या त्यांचा जीव एका पेटीत अडकला होता. नव्या गेममधली खजिन्याची पेटी! तीन महिने खपून त्यांनी ती बनवली होती. उघडली की शंभरातून तीस वेळा तलवार, तीस वेळा ढाल, पस्तीस वेळा जादूचं औषध आणि गंमत म्हणून फक्त पाच वेळा फाटका बूट.

"सोपं आहे," त्यांनी घरच्यांना समजावलं. "समजा, शंभर चिठ्ठ्या आहेत. ज्याच्या जास्त, त्याचा नंबर जास्त वेळा लागणार. कॉम्प्युटर एक चिठ्ठी उचलतो, ज्याची निघेल त्याने भांडी घासायची. वशिला नाही, रडारड नाही!"

"आणि आमच्या प्रत्येकाच्या किती चिठ्ठ्या?" बायकोने विचारलं. ती औषधांच्या दुकानात काम करायची. दहा गोळ्या मोजल्या तरी पुन्हा एकदा मोजणारी बाई!

"सगळ्यांना सारख्या," प्रोफेसर म्हणाले आणि उगाच चष्मा पुसायला लागले.

सारख्या कसल्या! त्यांनी पेटीचाच प्रोग्रॅम जसाच्या तसा उचलला आणि वस्तूंच्या जागी माणसं बसवली. तलवारीच्या जागी सासूबाई, ढालीच्या जागी मुलगी, औषधाच्या जागी बायको. आणि फाटक्या बुटाची ती पाच चिठ्ठ्यांची जागा? ती त्यांनी मोठ्या प्रेमाने स्वतःला ठेवली.

पहिल्या संध्याकाळी मुलीने बटण दाबलं. पडद्यावर चक्र गरगर फिरलं आणि थांबलं. प्रोफेसर!

"होतं असं," ते हसत म्हणाले. पाचातलाही एखादा लागतोच की!

दुसऱ्या दिवशी प्रोफेसर. तिसऱ्या दिवशीही प्रोफेसर. चौथ्या दिवशी सासूबाईंचं नाव आलं तेव्हा प्रोफेसरांनी टाळ्या वाजवल्या. पाचव्या दिवसापासून पुन्हा आपले तेच! बायको रोज ज्याचं नाव येईल त्याची कॅलेंडरवर खूण करायची. हळूहळू त्या महिन्यावर प्रोफेसरांचंच राज्य आलं.

इकडे ऑफिसात गेम तपासणारी मुलगी त्यांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"सर, तुमच्या पेटीतून नुसते बूट निघतात हो! वीस पेट्या उघडल्या, अठरा बूट!"

"नशीब असतं एकेकाचं," प्रोफेसर शांतपणे म्हणाले. "अजून उघड."

"दोनशे उघडल्या. आता मला बुटांचं दुकान टाकता येईल."

साहेबही आले. "प्रोफेसर, शुक्रवारी गेम बाहेर पडतोय. तोवर पेटी सुधारली नाही, तर ती काढून टाकू."

तीन महिन्यांची मेहनत! पण चूक आपली असेल हे कबूल करायला प्रोफेसरांची जीभ रेटेना. "गणित चोख आहे," एवढंच म्हणाले आणि घरी येऊन मुकाट्याने भांड्यांना भिडले.

एकविसाव्या दिवशी मात्र त्यांचा बांध फुटला. चक्र थांबलं, नाव बघितलं, चार भांडी घासली, आणि त्यांनी घासणी खाली आपटली.

"हे शक्यच नाही! एकवीस दिवसांत किती वेळा मी?"

बायकोने कॅलेंडरवर बोट फिरवलं, मग पुन्हा एकदा फिरवलं. "एकोणीस. एकदा आई, एकदा ही."

"नशीब असतं एकेकाचं, जावईबापू," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या.

प्रोफेसर जागच्या जागी थबकले. हे वाक्य त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. कुठे काय, स्वतःच्याच तोंडून! विसात अठरा बूट, एकविसात एकोणीस प्रोफेसर. साबणाच्या हातांनीच त्यांनी लॅपटॉप उघडला.

पाच मिनिटांत घरात आरोळी उठली. "सापडलं! या, या, सगळे या!"

सगळ्याजणी पडद्याभोवती जमल्या. प्रोफेसर आनंदाने नाचायचेच बाकी होते.

"हे बघा! चिठ्ठ्या शंभर आणि मी कॉम्प्युटरला सांगितलंय हजारातून एक आकडा उचल! शंभराच्या पुढचा आकडा आला की तो कुणाचाच नसतो. मग बिचारा प्रोग्रॅम काय करतो? यादीत जो शेवटचा, त्याच्या गळ्यात घालतो! पेटीत शेवटचा बूट आणि इथे शेवटचा मी! वाचली माझी पेटी!"

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

"बाबा," मुलगी वाकून बघत म्हणाली, "आजीपुढे तीस लिहिलंय. माझ्यापुढे तीस. आईपुढे पस्तीस. आणि तुझ्यापुढे पाच का रे?"

प्रोफेसरांना चष्मा पुसायचा होता, पण हाताला साबण होता.

"सगळ्यांना सारख्या ना?" बायको अगदी हळू आवाजात म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवारी पेटीतून पहिल्याच फटक्यात तलवार निघाली. साहेब खूश झाले. "चूक सापडली कशी?"

"घरी चाचणी घेतली. सलग एकवीस दिवस."

"याला म्हणतात निष्ठा!" साहेबांनी पाठ थोपटली. प्रोफेसरांनी मान खाली घातली, सगळ्यांना तो विनय वाटला.

त्या संध्याकाळी घरचं चक्रही दुरुस्त झालं. आकडे मुलीने घातले, बायकोने दोनदा मोजले. पंचवीस, पंचवीस, पंचवीस, पंचवीस. बटण सासूबाईंनी दाबलं. चक्र गरगर फिरलं आणि थांबलं.

प्रोफेसर!

त्यांनी प्रोग्रॅम उघडून तीनदा तपासला. सगळं बरोबर होतं. नोकरीच्या इतक्या वर्षांत, चूक सापडली नाही म्हणून त्यांना पहिल्यांदाच रडू आलं.